इन्फॉर्मेशन सिस्टीम्स आणि टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करावं का, आणि केलंच तर त्यातून काय पदरात पाडून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे की चार-पाच वर्षं ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) सपोर्टमध्ये गेली, तिकिटं, म्हणजे लोकांच्या तक्रारींच्या नोंदी, बंद करून करून जीव विटलाय, आता इन्फॉर्मेशन सिस्टीम्स आणि टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं मनात आहे, पण ओळखीचे लोक म्हणतात एकतर सरळ कॉम्प्युटर सायन्स कर नाहीतर एमबीए कर, हे धड ना इकडचं धड ना तिकडचं कशाला. शिवाय एआय आल्यावर या डिग्रीला किंमत राहील का, थीसिस घ्यावा की कॅपस्टोन (शेवटी करायचं मोठं प्रत्यक्ष प्रोजेक्ट), आणि नोकरी सोडून करावं की सांभाळून.

मी हीच डिग्री केलीये, नंतर बरीच वर्षं इम्प्लिमेंटेशनची, म्हणजे कंपन्यांत नव्या सिस्टीम्स बसवून देण्याची, कामं केली आणि आता अधूनमधून शिकवतेसुद्धा, तेव्हा माझं मत जरा या बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

आधी "मधलं कशाला" हेच घेते, कारण बाकी सगळी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. सिस्टीम चालू होणं आणि सिस्टीम वापरात येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मोठमोठ्या प्रोजेक्ट्सचा पैसा बुडतो तो बहुतेक वेळा या दोघींच्या मधल्या जागेत. कॉम्प्युटर सायन्सवाला पहिली घटना घडवून आणतो, मॅनेजमेंटवाला दुसरी आपोआप घडेल असं समजून बजेट मंजूर करतो, आणि मधे घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे बघायला कुणीच नसतं. ही डिग्री त्या मधल्या जागेचा अभ्यास आहे.

शिकवताना मी हे समजावायला दरवेळी लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेची केस घेते. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी फोन घेण्यापासून गाडी पाठवण्यापर्यंतचं सगळं काम नव्या कॉम्प्युटर सिस्टीमवर टाकलं. २६ आणि २७ तारखेला त्याचा पुरता बोजवारा उडाला, एका पत्त्यावर दोन गाड्या पोचतायत, दुसऱ्या पत्त्यावर लोक ताटकळतायत. नंतर चौकशी झाली आणि रिपोर्टात जे लिहिलं ते मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं, त्याचा आशय असा की त्या दोन दिवसांत तांत्रिक अर्थाने सिस्टीम फेल झालीच नव्हती, जशी बनवली होती साधारण तशीच ती चालली, बनवण्यातच घातक दोष होते. म्हणजे झालं काय, तर सिस्टीमने धरून चाललं होतं की प्रत्येक गाडी आत्ता कुठे आहे आणि मोकळी आहे का ही माहिती तिला कायम बरोबर मिळत राहणार. आता क्रूने धावपळीत बटण दाबलं नाही, किंवा चुकीच्या क्रमाने दाबलं, किंवा रेडिओचा सिग्नलच गेला, की सिस्टीमच्या हिशोबातली गाडी एकीकडे आणि खरी गाडी दुसरीकडे. मग एक्सेप्शनचे, म्हणजे "इथे काहीतरी जुळत नाहीये" असे, मेसेज यायला लागले, ते इतके साचले की जुने मेसेज स्क्रीनच्या वर ढकलले जाऊन दिसेनासे झाले, गाडी आली नाही म्हणून लोकांनी परत फोन केले, त्या फोनांनी आणखी लोड वाढला. हे चक्र चालू राहिलं.

आणि मग ४ नोव्हेंबरला सिस्टीम खरोखर बंद पडली, ते मात्र शुद्ध तांत्रिक कारणाने, कोडमधल्या एका छोट्या चुकीमुळे सर्व्हरची थोडी थोडी मेमरी अडकून राहत होती, असं तीनेक आठवडे होत जाऊन शेवटी मेमरीच संपली. आता बघा, ४ नोव्हेंबरची चूक पकडायला चांगला प्रोग्रामर लागतो. २६ ऑक्टोबरची चूक पकडायला ज्याला कंट्रोल रूममधलं काम, गाडीतल्या माणसाची घाई आणि डेटा कुठून जन्माला येतो हे तिन्ही एकदम दिसतं असा माणूस लागतो. तुम्ही विचारताय ती डिग्री या दुसऱ्या माणसासाठी आहे.

चार-पाच वर्षं सपोर्टमध्ये काढलेला माणूस याला चांगला तयार असतो हे मी मुद्दाम सांगते, कारण सपोर्टवाल्यांना स्वतःलाच वाटत असतं की आपण नुसत्या पाट्या टाकल्या. तुम्ही शेकडो तिकिटं बघितलीत म्हणजे सिस्टीम आणि काम कुठे कुठे जुळत नाही याचा कच्चा माल तुमच्याकडे आहे, फक्त त्याला नाव देता येत नाहीये.

एक उदाहरण देते. एका ठिकाणी परत आलेल्या मालाची नोंद करायच्या स्क्रीनवर "परतीचं कारण" अशी ड्रॉपडाउन होती, भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. वर्षभराचा डेटा काढला तर सगळ्यात मोठं कारण निघालं पॅकिंग डॅमेज. मीटिंगमध्ये चार्ट लागला, पॅकिंगवाल्याला धारेवर धरलं, पॅकिंग मटेरियल बदलायचं ठरायला लागलं. कुणीतरी जाऊन त्या स्क्रीनसमोर उभं राहिल्यावर कळलं की पॅकिंग डॅमेज हे यादीतलं पहिलं नाव होतं, मागे गाड्यांची रांग लागलेली असायची, माणूस खोका उघडून कारण शोधत बसणार नाही, तो पहिलं नाव निवडून एंटर मारतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सिस्टीम चालू होती, एरर एकही नव्हती, डॅशबोर्ड सुंदर होता. तुमच्याही सिस्टीममध्ये, जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून, १ जानेवारी १९०० ला जन्मलेले बरेच ग्राहक असतील, बघा जरा.

या विषयाला शिस्त म्हणून फार मोठा इतिहास नाही. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस वगैरे मंडळींनी १९६० च्या दशकाच्या शेवटी मॅनेजमेंट इन्फॉर्मेशन सिस्टीम्सचा पद्धतशीर अभ्यासक्रम उभा केला, तिथूनच १९७७ मध्ये एमआयएस क्वार्टर्ली हे जर्नल निघालं जे आजही या क्षेत्रात पहिल्या नंबरच्या जर्नलांत धरतात. आणि एसीएम व एआयएस या दोन संघटनांनी मिळून मास्टर्स कसं असावं याचं एक मॉडेल काढलंय, एमएसआयएस २०१६ नावाने सापडेल. त्यात इन्फॉर्मेशन सिस्टीम्सची ९ क्षेत्रं दिलीयत, डेटा आणि कंटेंटचं व्यवस्थापन, सिस्टीम बनवणं आणि डिप्लॉय करणं, इन्फ्रास्ट्रक्चर, एंटरप्राइज आर्किटेक्चर, रोजचं ऑपरेशन, स्ट्रॅटेजी आणि गव्हर्नन्स, सुरक्षा आणि बिझनेस कंटिन्युइटी, इनोव्हेशन आणि संघटनेतला बदल, आणि एथिक्स. कुठल्याही कॉलेजचा सिलॅबस हातात आला की या ९ शी ताडून बघा, एखादं-दुसरं क्षेत्र कमी असेल तर चालतं, पण निम्मी गायब असतील आणि त्या जागी टूल्सची नावं असतील तर तो ट्रेनिंग क्लास आहे, त्याला मास्टर्सची फी देऊ नका.

आता शिकायला मिळतं काय. सगळे विषय सारख्या वजनाचे नाहीत हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. नेटवर्किंग, क्लाउडची ओळख, प्रोग्रामिंगची उजळणी हे तुम्ही स्वतःही करू शकता, त्यात जीव ओतू नका, चांगले मार्क मिळवा आणि पुढे चला.

जीव ओता तो डेटा मॉडेलिंगमध्ये, म्हणजे कुठली माहिती कुठे आणि कशाशी जोडून ठेवायची हे ठरवण्यात. लोकांना वाटतं हे बोअर आहे, चौकोन आणि रेघा. पण साधा प्रश्न घ्या, विद्यार्थी आहे, कोर्स आहे, ग्रेड कुठे ठेवायची? विद्यार्थ्याच्या टेबलात ठेवली तर त्याचे पाच कोर्स असतात, कोर्सच्या टेबलात ठेवली तर तिथे साठ विद्यार्थी, म्हणजे ग्रेड या दोघांचीही नाही, ती "या विद्यार्थ्याने हा कोर्स या टर्मला घेतला" या नोंदणीची आहे. मग पुढचा प्रश्न, त्याने नापास होऊन तोच कोर्स परत घेतला तर जुनी ग्रेड पुसायची की ठेवायची? हा प्रश्न टेक्निकल वाटतो पण याचं उत्तर डेटाबेसवाला देऊच शकत नाही, ते संस्थेच्या नियमात आहे, आणि कितीदा असं निघतं की नियमच लिहिलेला नाहीये, ऑफिसमधली एक व्यक्ती दरवेळी आपल्या मनाने ठरवत आलीये. डेटा मॉडेल काढताना संस्थेने न घेतलेले निर्णय असे एकेक करून बाहेर पडतात. चेन यांचा एंटिटी रिलेशनशिपचा, म्हणजे याच चौकोन-रेघांचा, पेपर १९७६ चा आणि कॉड यांचा रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडण्याचा, १९७० चा, इतकी वर्षं झाली तरी हे कौशल्य जुनं झालेलं नाही.

दुसरं म्हणजे प्रोसेस. मायकल हॅमर यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या लेखातली फोर्डची केस जवळपास प्रत्येक प्रोग्राममध्ये येते, आणि वरवर वाचली तर "कॉम्प्युटर आणला, माणसं कमी केली" एवढीच लक्षात राहते, म्हणून जरा थांबून वाचा. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या अकाउंट्स पेएबल (सप्लायरांचे पैसे चुकते करणाऱ्या) विभागात ५०० च्या वर माणसं होती, ऑटोमेशन करून २० टक्के कमी करू असा बेत होता. मग त्यांनी माझ्दाकडे बघितलं तर तिथे हेच काम ५ माणसं करत होती. माझ्दा लहान कंपनी आहे हे धरलं तरी हिशोब जुळेना. मग मुळाशी गेल्यावर दिसलं की क्लार्कचा सगळा वेळ पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि सप्लायरचं बिल यांतल्या १४ गोष्टी जुळवण्यात आणि न जुळल्यास कारण शोधण्यात जातोय. त्यांनी बिलच काढून टाकलं. माल गेटवर आला की तिथला माणूस डेटाबेसमध्ये बघणार, ऑर्डर आहे तर माल घ्या, नाही तर परत पाठवा, घेतला की चेक निघणार. जुळवायच्या गोष्टी राहिल्या ३, पार्ट नंबर, मापाचं युनिट आणि सप्लायर कोड. विभागातली माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली. यात टेक्नॉलॉजी म्हणाल तर एक सामाईक डेटाबेस. बाकी सगळं म्हणजे "बिल लागतंच कशाला" हा प्रश्न विचारायची हिंमत. माझी या लेखाबद्दल तक्रार एकच आहे, त्यानंतर रीइंजिनीअरिंगच्या नावाखाली नुसती माणसं काढायची लाट आली आणि प्रोसेस होती तशीच राहिली, त्यामुळे केस वाचून झाली की वर्गात त्या उरलेल्या माणसांचं काय झालं हाही प्रश्न विचारा.

तिसरं, आणि टेक्निकल बॅकग्राउंडच्या लोकांना सगळ्यात जड जाणारं, म्हणजे संघटना आणि सत्तेचा अभ्यास. पहिल्या सेमिस्टरला सगळे म्हणतात हे काय फालतू, थिअरीच थिअरी. लिन मार्कस यांचा १९८३ चा एक पेपर आहे, पॉवर, पॉलिटिक्स आणि एमआयएस इम्प्लिमेंटेशन, तो तेवढा वाचा आणि मग बोलू. एका कंपनीत नवी फायनान्शियल सिस्टीम आली, मुख्य ऑफिसातल्या अकाउंटंट्सना ती फार आवडली आणि डिव्हिजनमधल्या अकाउंटंट्सनी तिला वर्षानुवर्षं विरोध केला, आपली जुनी वह्यांची पद्धत चालूच ठेवली. नेहमीची दोन उत्तरं तयार असतात, एक म्हणजे लोकच बदलाला घाबरतात, त्यांना ट्रेनिंग द्या, आणि दुसरं म्हणजे सिस्टीम वाईट आहे, ती सुधारा. मार्कस म्हणतात दोन्हींनी पूर्ण उलगडा होत नाही. जुन्या पद्धतीत डिव्हिजनचा डेटा डिव्हिजनकडे असायचा, वर काय पाठवायचं ते तेच ठरवायचे, नव्या सिस्टीमने सगळा डेटा एकाच डेटाबेसमध्ये आणून मुख्य ऑफिसच्या हातात दिला. म्हणजे सिस्टीमने सत्ता इकडून तिकडे नेली, विरोध होणारच होता, तुम्ही स्क्रीन कितीही सोपी करा. हे एकदा डोक्यात बसलं की तुमची निम्मी तिकिटं वेगळी दिसायला लागतील. "सिस्टीम स्लो आहे" अशी तक्रार एकाच डिपार्टमेंटकडून सारखी का येते, याचं उत्तर सर्व्हरच्या लॉगमध्ये नेहमीच सापडत नाही.

याच्याच जोडीला टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल येतं, फ्रेड डेव्हिस, १९८९. माणूस सिस्टीम वापरेल का हे दोन गोष्टींवर ठरतं, ती उपयोगाची वाटते का आणि सोपी वाटते का, आणि त्या अभ्यासात उपयोगाचं वजन सोपेपणापेक्षा बरंच जास्त निघालं. कामाला येत असेल तर लोक त्रासदायक सिस्टीमसुद्धा वापरतात, आणि कामाची नसेल तर कितीही सुंदर केली तरी नाही. यूआयवर, म्हणजे स्क्रीनच्या दिसण्यावर, पैसे घालण्याआधी हे वाक्य मी क्लायंटला ऐकवते. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी अशी ८ मॉडेल्स एकत्र करून एक मोठं मॉडेल केलं, त्यात आजूबाजूच्या लोकांचा प्रभाव आणि मदतीच्या सोयी यांची भर पडली, शिवाय वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा हेही आलं. ऑफिसातल्या बहुतेक सिस्टीम्स सक्तीच्या असतात, तिथे लोक "वापरत नाहीत" असं होत नाही, ते वर सांगितलेल्या ड्रॉपडाउनसारखं वापरतात.

टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटच्या बाजूचे विषय म्हणजे विकत घ्यायचं की बनवायचं, व्हेंडरशी करार कसा करायचा, कुठलं तंत्रज्ञान कधी स्वीकारायचं, पोर्टफोलिओ, म्हणजे एकाच वेळी चालू असलेली सगळी प्रोजेक्ट्स, कसा सांभाळायचा. इथे आकडेमोड येते आणि ती यायलाच हवी. साधं बघा, व्हेंडर म्हणतो ९९.९ टक्के उपलब्धता देतो, ऐकायला भारी, पण वर्षाचे ८,७६० तास धरले तर पावणेनऊ तास बंद राहायची मुभा झाली. ९९.९९ म्हटलं तर साधारण ५३ मिनिटं. आणि तुमची एक सेवा अशाच ९९.९ च्या तीन सेवांवर अवलंबून असेल आणि तिन्ही लागत असतील तर एकूण उपलब्धता ९९.७ च्या आसपास येते, म्हणजे वर्षाला सव्वीसेक तास. शिवाय ते तास कधीचे, महिनाअखेरीच्या क्लोजिंगच्या रात्रीचे की रविवार पहाटेचे, हे करारात नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. असा करार वाचता येणं ही या डिग्रीतून मिळणारी सगळ्यात रोकडी गोष्ट आहे असं मला वाटतं, प्रोग्रामरला कंटाळा येतो म्हणून तो वाचत नाही आणि वकिलाला तांत्रिक भाग कळत नाही.

एआयचं. हा प्रश्न सगळेच विचारतात. एआय मॉडेल आता एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहितं, डॉक्युमेंट लिहितं, बैठकीचे मिनिट्स काढतं, त्यामुळे नुसतं टेम्पलेट भरणारा बिझनेस ॲनालिस्ट (कामाची गरज समजून सिस्टीमवाल्यांना सांगणारा) अडचणीत आहे यात शंका नाही. पण "गेल्या महिन्यात किती ऑर्डर पूर्ण झाल्या" हे मॉडेलला विचारलं तर ते आधी कुठलं टेबल बघणार? गोदामाच्या लेखी माल गेटबाहेर पडला की ऑर्डर पूर्ण, अकाउंट्सच्या लेखी पैसे जमा झाले की, कस्टमर केअरच्या लेखी परतीची मुदत संपली की. तीन बरोबर उत्तरं आहेत आणि यातलं कुठलं धरायचं हे तिघांना एका खोलीत बसवून ठरवावं लागतं, ते ठरलेलं नसताना एआय फक्त चुकीचं उत्तर जास्त वेगाने आणि जास्त आत्मविश्वासाने देतं.

आणि जरा मागे जाऊन बघा. १९८७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी टोमणा मारला होता की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतंय, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्यावर १९९० मध्ये पॉल डेव्हिड यांनी विजेच्या मोटरचा दाखला दिला. कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली, बाकी सगळे पट्टे, शाफ्ट, मशीनची मांडणी तशीच, फायदा किरकोळ. खरा फायदा अमेरिकेत १९२० च्या दशकात दिसला, जेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची छोटी मोटर आली आणि मग मशीन शाफ्टच्या सोयीने न मांडता कामाच्या क्रमाने मांडता आली, त्यासाठी इमारतींचीसुद्धा रचना बदलली. मधे दशकं गेली. आत्ता बहुतेक कंपन्या एआयच्या बाबतीत इंजिन काढून मोटर बसवण्याच्या टप्प्यावर आहेत असं मला दिसतं, जुन्याच अप्रूव्हलच्या सहा पायऱ्या आणि त्यातल्या तिसऱ्या पायरीवर चॅटबॉट. मांडणी बदलायचं काम कुणीतरी करावं लागणार आहे, आणि ते ज्यांना कामाचा क्रम वाचता येतो त्यांच्याकडेच येणार.

कॉलेज निवडताना काय बघायचं. रँकिंग बघाच पण त्यावर थांबू नका. मी सगळ्यात आधी कॅपस्टोन बघते, खरा क्लायंट असतो का, खरा आणि घाणेरडा डेटा मिळतो का, की शिक्षकाने साफ करून दिलेली फाइल असते. मागच्या बॅचच्या कॅपस्टोनचे रिपोर्ट बघायला मागा, देत नसतील तर माजी विद्यार्थ्यांना गाठा आणि एवढंच विचारा की तुमचा क्लायंट तुमच्याशी कधी भांडला का. भांडला असेल तर प्रोजेक्ट खरं होतं. मग वर्गात अनुभवी लोक किती आणि थेट पदवीनंतर आलेले किती हे बघा, कारण केस डिस्कशनमध्ये कुणीच नोकरी केलेली नसेल तर चर्चा पुस्तकातून पुस्तकात फिरते. आणि शिकवणाऱ्यांत संशोधन करणारे आणि उद्योगातून आलेले असे दोन्ही असावेत, नुसते उद्योगातले असले की गोष्टी छान ऐकायला मिळतात पण त्यांतली कुठली गोष्ट सर्वत्र लागू होते आणि कुठली नशिबाने जमली होती हे कळत नाही.

एसओपीबद्दल, म्हणजे प्रवेशअर्जासोबतच्या "मला हे का शिकायचंय" या निबंधाबद्दल, एकच सांगते, "लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची आवड" हे वाक्य असेल तर खोडा. तुमच्या सपोर्टमधली एक प्रोसेस घ्या जी कागदावर एक होती आणि प्रत्यक्षात दुसरी, ती कशी वेगळी होती, का होती, तुम्ही काय करून बघितलं आणि कुठे अडलात, हे दीड पानात लिहा. कंपनीचं नाव घालू नका, आकडे गोपनीय असतील तर तेही नको.

थीसिस की कॅपस्टोन याचं उत्तर सोपं आहे, पीएचडीचा विचार असेल तर थीसिस, नाहीतर कॅपस्टोन. थीसिस घेतलाच तर कृपा करून "अमुक ॲपच्या स्वीकारावर परिणाम करणारे घटक" हा विषय घेऊ नका. मित्रांना गूगल फॉर्म पाठवायचा, पाच पर्यायांच्या स्केलवर उत्तरं घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये टाकून बाण काढायचे आणि उपयोगाची वाटते म्हणून वापरतात असा शोध लावायचा, हे हजारोंनी करून झालंय. त्यातला मोठा दोष असा की वाटणं आणि वापरणं दोन्ही त्याच माणसाला त्याच फॉर्ममध्ये विचारलेलं असतं, मग दोन्हींत संबंध दिसणारच. त्यापेक्षा एकाच ऑफिसात महिना-दोन महिने बसून लोक सिस्टीम कशी वापरतात हे बघितलंत आणि सिस्टीमच्या लॉगशी ताडून बघितलंत तर लहान थीसिसही वाचण्यासारखा होतो. पण रिसर्च मेथड्सचा कोर्स मात्र कॅपस्टोनवाल्यांनीही घ्यावा, व्हेंडरचे व्हाइटपेपर वाचताना रोज कामाला येतो.

कुणी हे करू नये तेही सांगते. ज्याला कोडिंग नको म्हणून पळून यायचंय त्याने नको, एसक्यूएल, स्टॅटिस्टिक्स आणि थोडं पायथन इथेही सुटत नाही. ज्याला कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टीम, अल्गोरिदम यांत मनापासून रस आहे त्याचा इथे जीव गुदमरेल, त्याने कॉम्प्युटर सायन्सच करावं. ज्याला फायनान्स, मार्केटिंगसकट धंदा चालवायचाय त्याने एमबीए. आणि ज्याला फक्त एखादी ठरावीक पद्धत किंवा टूल शिकायचंय त्याला आयटीआयएल (आयटी सेवा चालवायची चौकट), कोबिट (आयटी गव्हर्नन्सची चौकट) किंवा एखाद्या ईआरपी मॉड्यूलचं सर्टिफिकेट स्वस्तात पडेल, काही महिन्यांत होईल आणि पहिल्या नोकरीला बऱ्याचदा तेवढं पुरतं. डिग्रीनंतर लोक जातात ते बिझनेस ॲनालिस्ट, प्रॉडक्ट ओनर, आयटी ऑडिट, डेटा गव्हर्नन्स, ईआरपीचा फंक्शनल कन्सल्टंट, पुढे आर्किटेक्ट किंवा आयटी मॅनेजर अशा कामांकडे. यातलं आयटी ऑडिट कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण सपोर्टमधून आलेल्या माणसाला ते फार चांगलं जमतं, कुठे काय लपवलं जातं हे त्याला आधीच माहीत असतं.

राहिलं नोकरी सोडायची का. शहर, क्षेत्र किंवा देश बदलायचा असेल तर फुल टाइम, कारण इंटर्नशिप आणि ओळखी त्यातूनच होतात. आहात त्याच क्षेत्रात वर सरकायचं असेल तर मी पार्ट टाइम म्हणेन, दिवसा कामावर बघितलेलं संध्याकाळी वर्गात मांडता येतं आणि वर्गात वाचलेलं दुसऱ्या दिवशी तपासता येतं, असा फायदा फुल टाइमवाल्याला मिळत नाही. वेळ मात्र जास्त जाईल आणि शेवटच्या वर्षी, कॅपस्टोनच्या वेळी, घरच्यांचा आणि मॅनेजरचा पेशन्स संपत आलेला असेल, त्यामुळे दोघांशीही आधीच बोलून ठेवा. आणि असाइनमेंटसाठी कंपनीतला डेटा, स्क्रीनशॉट किंवा प्रोसेसचे नकाशे वापरणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या, तोंडी "अरे वापर की" वर जाऊ नका. कारण तो "वापर की" म्हणणारा मॅनेजर कोर्स संपेपर्यंत त्याच खुर्चीवर असेलच असं नाही, आणि नवीन आलेल्याला तुमचं प्रेझेंटेशन पहिल्यांदा दिसेल ते कॉलेजच्या वेबसाइटवर.